रॅम वाढवायची आहे? आधी मशीनची माहिती, मग सल्ला

घरचा कॉम्प्युटर हँग व्हायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो : "रॅम वाढवून घे." ऑफिसातला मित्र हेच सांगतो, वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा हेच सांगतो आणि दुकानदारही हेच सांगतो. यातलं कुणी फसवत असतं असं नाही. पण बहुतेकांनी तुमचं मशीन उघडून पाहिलेलं नसतं, त्यात आत्ता काय बसवलंय हे त्यांना माहीत नसतं. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या; डीडीआर३च्या मदरबोर्डात, म्हणजे मशीनच्या मुख्य बोर्डात, डीडीआर४ बसत नाही. लॅपटॉपची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, डेस्कटॉपला लागत नाही. काही पातळ लॅपटॉपांत तर रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, तिथे वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे मशीन न पाहता दिलेला सल्ला बरोबर निघाला, तर तो योगायोगच समजायचा.

जे पहिल्यांदाच रॅम वाढवतायत आणि ज्यांना यातलं फारसं कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं सांगणं एवढंच, की चांगला सल्लागार शोधायला निघण्याआधी आपल्या मशीनची नेमकी माहिती एका कागदावर उतरवा. तो कागद हातात असला की गल्लीतला साधा रिपेअरवालाही उत्तम सल्ला देतो. नसला, तर वीस वर्षं या धंद्यात असलेला माणूससुद्धा अंदाजच बांधणार.

आणि अंदाजाने खरेदी करायचे दिवस आता राहिलेले नाहीत. जगातल्या बहुतेक मेमरी चिप्स सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांकडून या चिप्सना प्रचंड मागणी आली आणि घरगुती रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने क्रुशिअल हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात चुकीची स्टिक घेणं चांगलंच महागात पडतं.

आधी बघा, दुखणं रॅमचंच आहे का

कॉम्प्युटर ज्या कामाला अडतो, तेच काम सुरू करा. ब्राउझरमध्ये नेहमीइतके टॅब उघडा, एक्सेलची ती मोठी फाइल उघडा, मीटिंग चालू असते तेव्हाच त्रास होत असेल तर मीटिंग लावा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. डावीकडे सीपीयू, मेमरी, डिस्क अशी नावं दिसतील. दहा मिनिटं काम करत राहा आणि अधूनमधून तिकडे नजर टाका.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा उरली नाही की विंडोज सामान माळ्यावर टाकत आणि परत काढत बसते, सगळा वेळ त्या चढउतारात जातो. म्हणून मेमरी नव्वद टक्क्यांच्या आसपास चिकटलेली असेल आणि त्याच वेळी डिस्कही भरभरून चालत असेल, तर दुखणं रॅमचं आहे. मेमरीच्या पानावर 'कमिटेड' नावाचा एक आकडा असतो, तोही बघा. तुमच्याकडे ८ जीबी रॅम असेल आणि कमिटेडमधला डावीकडचा आकडा कामाच्या वेळी सतत दहा-अकराच्या घरात असेल, तर रॅमची गरज खरी आहे.

उलट मेमरी पन्नास-साठ टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र शंभरवर असेल, तर रॅम टाकून काही फरक पडणार नाही. डोंबिवलीत घरी ट्यूशन घेणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका ताईंना चार जणांनी "सोळा जीबी कर" असं सांगितलं होतं. मशीन आय-फाइव्हचं, रॅम ८ जीबी, आणि आत जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. टास्क मॅनेजर उघडला तेव्हा मेमरी निम्मीसुद्धा भरलेली नव्हती आणि डिस्क मात्र मशीन सुरू झाल्यापासून शंभरवरून खाली येत नव्हती. त्यांना रॅम नको होती, एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, हवी होती. एसएसडी बसवली, रॅम आहे तशीच ठेवली आणि मशीन आज नीट चालतंय. ज्या मशीनमध्ये अजून हार्ड डिस्कच आहे, तिथे पहिला खर्च एसएसडीवर करावा असं माझं ठाम मत आहे.

आणखी दोन गोष्टी याच टप्प्यावर बघून घ्या. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट या पानावर 'सिस्टिम टाइप' असं लिहिलेलं असतं. तिथे ३२-बिट विंडोज दिसली, तर घरगुती विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही. आधी ६४-बिट टाकावी लागेल. दुसरी गोष्ट विंडोज १०ची. तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचं मशीन त्याहून जुनं असेल तर त्यावर नवी रॅम घेण्याइतके पैसे घालायचे का, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून ते आणखी काही वर्षं वापरायचं का, की तेच पैसे पुढच्या मशीनसाठी ठेवायचे, हा विचार घरात बसून आधीच करा. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून तो नीट होत नाही.

किती रॅम हवी? ब्राउझर, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर ८ जीबीवर निभतं. आज आरामात वापरायचं तर १६. व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर ३२चा विचार करा. घरातल्या साध्या मशीनला "पुढचा विचार करून" ६४ घ्यायला कोणी सांगत असेल, तर त्यामागचं कारण विचारा.

तो कागद कसा भरायचा

टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर खाली उजवीकडे तीन ओळी असतात : स्पीड, स्लॉट्स यूज्ड आणि फॉर्म फॅक्टर. स्लॉट्सपुढे "२ पैकी १" अशा अर्थाचं लिहिलं असेल, तर एक जागा रिकामी आहे. फॉर्म फॅक्टरपुढे 'डिम' म्हणजे डेस्कटॉपची लांब स्टिक, 'सोडिम' म्हणजे लॅपटॉपची आखूड. तिथे 'रो ऑफ चिप्स' असं दिसलं तर रॅम सोल्डर केलेली असण्याची शक्यता मोठी. मग बाकी काही करण्याआधी त्या मॉडेलमध्ये एखादा जादा स्लॉट आहे का ते शोधा. अ‍ॅपलचे एम-वन आणि त्यानंतरचे सगळे मॅकबुक याच गटातले आहेत, त्यांची मेमरी नंतर वाढत नाही.

मग स्टार्ट मेनूत 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' शोधा. त्यात मशीनचं मॉडेल, प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि मदरबोर्डचं नाव मिळतं. असेंबल्ड पीसी असेल तर मॉडेलच्या जागी काहीच अर्थाचं नसेल. तिथे मदरबोर्डचं नाव महत्त्वाचं. आणखी खोलात जायचं तर 'सीपीयू-झेड' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकचा निर्माता आणि पार्ट नंबरही, म्हणजे कंपनीने त्या नेमक्या मॉडेलला दिलेला नंबर, दाखवतं. ते वापरताना एक लक्षात ठेवा, त्यात वेगाचा आकडा निम्मा दिसतो. ३२००ची रॅम तिथे १६०० दाखवते, कारण घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो. दुकानदाराने निम्म्या वेगाची रॅम गळ्यात मारली अशी शंका बऱ्याच जणांना इथूनच येते आणि ती खरी नसते.

यानंतर मशीन बंद करून, प्लग काढून कॅबिनेटची बाजू उघडा आणि रॅमवरच्या स्टिकरचा स्वच्छ फोटो काढा. सल्ला मागताना या एका फोटोचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. तो वाचायला अवघड नाही. समजा, त्यावर "८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यू" असं छापलंय. ८ जीबी म्हणजे क्षमता. १आरएक्स८ ही आतल्या चिप्सची मांडणी, ती इथे सोडून देऊ. 'पीसी४' म्हणजे डीडीआर४. पीसी३ असेल तर डीडीआर३, पीसी५ असेल तर डीडीआर५. २६६६ हा वेग. कधी तिथे वेगाऐवजी १२८०० किंवा २५६०० असा मोठा आकडा असतो. त्याला आठाने भागलं की वेग निघतो, म्हणजे १२८००चा १६०० आणि २५६००चा ३२००. शेवटच्या अक्षराकडे मात्र नीट बघा. 'यू' म्हणजे साधी डेस्कटॉपची, 'एस' म्हणजे लॅपटॉपची, 'आर' म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. ही 'आर'वाली जुन्या मालात स्वस्तात मिळते, घरच्या मशीनच्या स्लॉटमध्ये बसतेसुद्धा, पण मशीन तिच्यावर सुरू होत नाही.

पीसी३च्या पुढे 'एल' अक्षर असेल तर तेही टिपून ठेवा. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, 'एल'वाली १.३५ व्होल्टवर. इंटेल प्रोसेसरच्या चौथ्या पिढीच्या आसपासच्या आणि त्यानंतरच्या बऱ्याच डीडीआर३ लॅपटॉपांना 'एल'च लागते, साधी टाकली तर ते सुरू होत नाहीत. डीडीआर४ १.२ व्होल्टची, डीडीआर५ १.१ची. प्रत्येक पिढीच्या स्टिकवरची खाच वेगळ्या जागी असते, म्हणूनच चुकीची स्टिक सहज बसत नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना आहेत, लांबीही तीच, पण खाच जुळत नाही. जोर लावायचा नाही, ही खाच त्यासाठीच दिलेली आहे.

माणसांच्या आधी कंपनीचे कागद

मदरबोर्डचं किंवा लॅपटॉपचं मॉडेल कळलं की त्या कंपनीच्या साइटवर त्याचं मॅन्युअल फुकट मिळतं. एचपीची 'मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड', लेनोवोचं 'हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल' हे कागद खरं तर टेक्निशियनसाठी लिहिलेले असतात, पण चित्रं इतकी स्पष्ट असतात की आपल्यालाही कळतात. त्यात स्लॉट किती, कोणत्या प्रकारची रॅम, जास्तीत जास्त किती, आणि झाकण उघडताना कोणता स्क्रू कुठे, हे सगळं असतं. मुंबईत अजूनही पुष्कळ घरांत इंटेलच्या एच६१ चिपसेटचे असेंबल्ड पीसी चालू आहेत (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य चिप, तिच्यावरून बोर्डाचा प्रकार ठरतो). त्यांना दोनच स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी डीडीआर३. त्याहून जुन्या जी४१वर ८ जीबीच्या पुढे जाता येत नाही. बाराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालतात, पण बोर्ड बहुतेकदा त्यापैकी एकाचाच असतो. म्हणून नुसतं "बारावी पिढी आहे" असं सांगून रॅम मागू नये. प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिच्या एएम५ प्रकारच्या बोर्डांना फक्त डीडीआर५.

मदरबोर्डच्या पानावर तपासलेल्या रॅमची यादीही असते. त्या यादीत नाव असलं तर निश्चिंत व्हा. नसलं तरी ती रॅम चालणार नाही असं नाही, कंपनी सगळ्याच स्टिक तपासत बसत नाही. लॅपटॉपच्या कमाल मर्यादेचंही तसंच. मॉडेल बाजारात आलं तेव्हा मोठ्या स्टिक मिळतच नसतील, तर कंपनीने त्या वेळी तपासलं तेवढंच लिहिलेलं असतं. पण कंपनीच्या आकड्याच्या पुढे जायचं असेल तर तेच मॉडेल वापरणाऱ्या आणि प्रत्यक्ष तेवढी रॅम टाकलेल्या माणसाचा अनुभव हवा. "चालायला हवी" म्हणणाऱ्याच्या भरवशावर पैसे घालू नका.

विचारायचं कसं

"भाऊ, लॅपटॉप स्लो झालाय, कोणती रॅम घेऊ?" या प्रश्नाला चांगलं उत्तर देणं कुणालाच शक्य नाही. त्याऐवजी असा निरोप पाठवून बघा :

"नमस्कार. असेंबल्ड पीसी आहे. मदरबोर्ड एच११० चिपसेटचा, मॉडेलचा फोटो जोडलाय. प्रोसेसर आय-थ्री, सहावी पिढी. सध्या ४ जीबीची एक स्टिक, डीडीआर४, २१३३. स्टिकरचा फोटो जोडलाय. दोनपैकी एक स्लॉट रिकामा. एसएसडी आहे. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब आणि एक्सेल उघडलं की मेमरी ९४ टक्के होते. ८ची एक स्टिक जोडावी की जुनी काढून ८च्या दोन टाकाव्यात? तुम्ही जे सुचवाल त्याचा पार्ट नंबर आणि कारण सांगाल का?"

एवढं लिहिल्यावर समोरचा काय उत्तर देतो, त्यावरून त्याची पारख होते. जाणकार माणूस बहुधा आधी एखादा प्रश्नच विचारतो : बोर्डाचा फोटो जरा जवळून पाठवा, कारण एच११०चे काही बोर्ड डीडीआर३चेही निघाले होते. किंवा ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का ते विचारतो. कारण वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवरच्या चित्राचं कामही याच रॅममधून होतं आणि तिथे दोन सारख्या स्टिकच्या जोडीचा फायदा जास्त दिसतो. जो उलट विचारतो त्याच्यावर विश्वास ठेवावा असं मला वाटतं. जो काहीही न विचारता ब्रँडचं नाव सांगून मोकळा होतो, त्याचं मत ऐकून घ्या, पण खरेदी त्यावर करू नका. "नाही चालली तर काय?" या प्रश्नाचं उत्तरही ऐकण्यासारखं असतं. अनुभवी माणूस लगेच सांगतो, बदलून कशी घ्यायची, किती दिवसांत, कुठे.

आयटीत नोकरी करणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. तो प्रेमाने सांगतो, पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मदरबोर्ड हाताळलेला असेलच असं नाही. त्याच्याकडून मॅन्युअल वाचून घ्या, ते तो आपल्यापेक्षा भरभर वाचेल. आपल्या स्टेशनजवळचा रिपेअरवाला रोज मशीनं उघडतो, त्याला तुमच्या मशीनइतक्या जुन्या मशीनांची दुखणी तोंडपाठ असतात. त्याला तपासणीचे पैसे वेगळे द्या आणि "रॅम मी दुसरीकडून घेईन, तुम्ही फक्त बघून सांगा" असं आधीच स्पष्ट बोला. विक्रीचा प्रश्न बाजूला झाला की माणूस मोकळेपणाने बोलतो. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर मात्र आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा की झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

मिसळलेल्या स्टिकबद्दल उलटसुलट सल्ले मिळतात, म्हणून एवढं सांगून ठेवतो. वेगवेगळ्या वेगाच्या दोन स्टिक साधारणपणे एकत्र चालतात, पण दोन्ही कमी वेगाच्या स्टिकच्या चालीने. ४ आणि ८ अशी जोडीही बहुतेक इंटेल बोर्डांवर चालते. त्यात ४ अधिक ४ एवढा भाग दुहेरी मार्गाने, म्हणजे दोन्ही स्टिकवरून एकाच वेळी, धावतो आणि उरलेला एकेरी. घरच्या कामाला हे पुरतं. पैसे कमी असतील तर जुनी स्टिक फेकून जोडी घ्यायलाच हवी असं मला वाटत नाही.

लॅमिंग्टन रोडवर

मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार म्हणजे हा रस्ता : पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की चालत पोचता. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत जाण्यापेक्षा मधल्या वारी दुपारी जा, काउंटरवरच्या माणसाला बोलायला वेळ असतो. जाताना तो कागद, स्टिकरचा फोटो आणि जमलं तर जुनी स्टिकच पिशवीत घालून न्या. लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच न्या.

पहिल्याच दुकानात घेऊ नका. एकाच पार्ट नंबरचा भाव तीन-चार ठिकाणी विचारा. "८ची रॅम कितीला?" असं विचारलंत तर चार दुकानांत चार वेगळ्या वस्तूंचे भाव मिळतील आणि तुलना होणार नाही. पार्ट नंबर सांगितला की बोलणं एकदम बदलतं. "ताई, ती नाहीये, पण ही घ्या, सेमच आहे," असं कुणी म्हणालं तर हरकत नाही. ती स्टिक हातात घेऊन स्टिकर वाचा. प्रकार, वेग, व्होल्ट आणि शेवटचं अक्षर जुळलं तर ब्रँड वेगळा असला तरी बिघडत नाही. त्यातलं एकही जुळत नसेल तर नम्रपणे पुढच्या दुकानात जा. भाव रोज हलतात, त्यामुळे कालचा भाव आज मिळाला नाही म्हणून दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

बिल पक्कंच घ्या. जीएसटी धरून भाव किती, हे आधीच विचारा. काउंटरवर सांगितलेला भाव कधीकधी बिनबिलाचा असतो आणि कॉम्प्युटरच्या पार्टवरचा १८ टक्के कर नंतर वाढतो. तो वाचवावासा वाटतो हे मी समजू शकतो, पण रॅमवर अनेक कंपन्या कित्येक वर्षांची वॉरंटी देतात आणि बिलाशिवाय ती मागताना अडचण येते. बिलावर पार्ट नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्या. "मशीनला चालली नाही तर बदलून देऊ" हे तोंडी आश्वासन असेल, तर तेही किती दिवसांत हे बिलाच्याच कागदावर लिहून मागा. चांगले दुकानदार कुरकुर न करता लिहून देतात.

सेकंडहँड घ्यावी का? डीडीआर३साठी तर मी घ्या असंच म्हणेन. रॅममध्ये फिरणारा, झिजणारा भाग नसतो. जी चालते ती वर्षानुवर्षं चालते. फक्त दुकानात मशीनला लावून दाखवायला सांगा आणि बदलून देण्याची मुदत घ्या. डीडीआर३च्या ८ जीबीच्या काही अतिस्वस्त स्टिक फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलवर नाही. भाव इतरांपेक्षा फारच कमी असेल तर "इंटेलच्या बोर्डावर लावून दाखवा" असं सांगा, तिथेच उलगडा होईल.

बसवणं आणि तपासणं

दुकानात बसवून घ्यायची तर समोर उभं राहून बघा. घरी बसवायची तर मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. लॅपटॉप असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे बॅटरीची जोडणी आधी सोडवा. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच रॅम धरा, आणि कडांनीच धरा. स्लॉटची टोकं उघडा, खाच जुळवा, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. 'खट्' असा आवाज येऊन पकड आपोआप बंद झाली पाहिजे. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर बहुतेकदा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागी लावतात. मॅन्युअलमध्ये खात्री करून घ्या.

मशीन सुरू झालं नाही तर घाबरू नका. स्टिक काढून पुन्हा बसवा. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो, पावसाळ्यानंतर तर हमखास. रिपेअरवाले त्यावर स्वच्छ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवतात. उपाय साधा आहे आणि पुष्कळदा लागू पडतो; फक्त खोडरबराचा कीस झटकून, पुसून मगच स्टिक स्लॉटमध्ये घाला. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका. जाहिरातीतला वेग दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, किंवा एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर एक्सपो नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. त्याने मशीन अस्थिर झालं तर ते बंद करून साध्या वेगावर चालवा. घरच्या कामात तो फरक जाणवतही नाही.

विंडोज उघडली म्हणून काम झालं असं समजू नका. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवा. त्याहून कसून तपासायचं तर 'मेमटेस्ट८६ प्लस' हे फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन मशीन त्यावरून सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी चुकांचा आकडा शून्य असला पाहिजे. एक चूकसुद्धा चालणार नाही, कारण तिच्यामुळे कधीतरी फाइल खराब होते आणि कारण शोधूनही सापडत नाही. चूक दिसली तर जुनी आणि नवी स्टिक वेगवेगळी, एकेक करून तपासा. पुष्कळदा नवीवर आळ येतो आणि दोष जुनीत असतो. एक्सएमपी चालू केलं असेल तर ते बंद करूनही एकदा तपासा.

मग पहिल्या दिवशी ज्या कामाला मशीन अडत होतं तेच काम पुन्हा उघडा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. ही सगळी तपासणी बदलून देण्याच्या मुदतीच्या आत उरका. स्टिक सदोष निघाली तर बिल, सिरियल नंबर आणि मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो घेऊन आधी दुकानात जा. मुदत उलटली असेल तर कंपनीच्या वॉरंटीकडे अर्ज करा. पक्कं बिल असूनही कुणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार मराठीतही नोंदवता येते.